नवऱ्याचा शेवटचा पिक्चर, थकलेले पैसे आणि एनओसीचा कागद

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय. मिस्टर सांगलीत हौशी नाटकं, राज्य नाट्य स्पर्धा करत मोठे झालेले, मग एका मराठी पिक्चरमध्ये खलनायकाचा रोल मिळाला, वाईला शूटिंग झालं. दीड लाख ठरलेले, साठ हजार मिळाले, चाळीस हजारांचा एक चेक दिला पण "आत्ता टाकू नका" म्हणाले म्हणून तो तसाच घरात. मिस्टर अचानक गेले. आता पुढच्या महिन्यात रिलीज, पोस्टरवर हार घातलेला फोटो आणि "शेवटची भूमिका", राहिलेलं डबिंग म्हणे कॉम्प्युटरने त्यांच्याच आवाजात केलंय. परवा निर्मात्याचा माणूस पंचवीस हजारांचं पाकीट आणि एनओसीचा, म्हणजे ना-हरकतीचा स्टँपपेपर घेऊन घरी येऊन गेला. ताई विचारतात, पिक्चर थांबवता येईल का?

ताई, स्पष्टच सांगतो, नाही. मिस्टरांनी लेखी करार करून काम केलंय, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८अ प्रमाणे एकदा लेखी संमती दिली की त्या पिक्चरपुरतं निर्मात्याला अडवता येत नाही, करारात वेगळं काही लिहिलेलं असेल तरच. पोस्टरवरच्या हाराचंही तसंच. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी त्याच्या आयुष्यावरच्या पिक्चरविरुद्ध दावा लावला होता, २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की प्रायव्हसी, प्रसिद्धीचा हक्क (म्हणजे आपलं नाव-चेहरा कोणी वापरावा यावरचा हक्क) हे माणसाबरोबर संपतात, वारसाकडे येत नाहीत. मला स्वतःला हे पटत नाही कारण मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर धंदा तर जोरात चालतो. कन्नड नट पुनीत राजकुमार गेल्यावर त्याचा 'जेम्स' २०२२ मध्ये बरोबर त्याच्या वाढदिवसाला, १७ मार्चला लावला, मिरज-जतकडच्या कन्नड पिक्चर बघणाऱ्यांना ती गर्दी सांगायला नको. पण तिथं घरचे सोबत होते, आधी आवाज सख्ख्या भावाने दिला. तुमच्याकडं मात्र विचारायलासुद्धा कोणी आलं नाही, आलं ते सहीला.

आता तो कागद. तुम्ही फोटो पाठवलाय तो मी दोनदा वाचला. त्यात लिहिलंय, "चित्रपटातील अभिनय, आवाज, छायाचित्र तसेच डिजिटल प्रतिकृती यांचे सर्व हक्क कायमस्वरूपी निर्मात्याकडे राहतील, कलाकाराची कोणतीही थकबाकी नाही." शेवटची ओळ बघा, नव्वद हजार एका वाक्यात गेले. आणि 'डिजिटल प्रतिकृती' म्हणजे उद्या भाग दोन काढला तर मिस्टरांचा चेहरा-आवाज कॉम्प्युटरने बनवून परत वापरणार, तेही फुकट. जुन्या करारात हे नाही म्हणूनच ही सही पाहिजे त्यांना, दुसरं म्हणजे ओटीटी आणि चॅनलवाले पिक्चर घेताना कागद क्लिअर मागतात. म्हणजे गरज त्यांची आहे, तीही रिलीजच्या आधी. सही करू नका.

आवाजाबद्दल, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल थांबवली, पण तो हयात आहे, स्वतः कोर्टात गेला. कलाकाराचं काम विकृत केलं तर कलम ३८ब आहे, मात्र लेखकाच्या कलमात वारसांचा उल्लेख आहे तसा तिथं नाही, त्यामुळं त्या मुद्द्यावर भांडता येईल पण त्याच्या भरवशावर राहू नका. रॉयल्टीचंही कायद्यात आहे, नटांना ती हातात पडायची घडी अजून बसलेली नाही.

पैसे मात्र वेगळे. माणूस जिवंत असताना कमावलेलं येणं त्याच्याबरोबर जात नाही, ते वारसांचं. तुम्ही, सासूबाई आणि दोन्ही मुलं, चौघांचा सारखा हिस्सा, त्यामुळं तुमच्या एकटीच्या सहीने सासूबाईंचा हिस्सा सुटत नाही हेही त्या माणसाला ऐकवा. वसुलीला मुदत तीन वर्षांची, शूटिंग संपून अडीच वर्षं झाली म्हणता म्हणजे आता बसून चालणार नाही. चेक तीन महिन्यांनी बाद होतो, त्यामुळं बाउन्सची केस विसरा, पण टाकून देऊ नका, त्यावर निर्मात्याची सही आहे म्हणजे देणं असल्याची लेखी कबुली म्हणून तो दाखवता येतो आणि मुदत सही केलेल्या तारखेपासून परत मोजावी असं म्हणता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "थांबा, देतो" पण डिलीट करू नका, मिस्टरांचा फोन तसाच ठेवा. शेवटचा हप्ता डबिंगनंतर होता आणि डबिंग त्यांनी केलंच नाही असं समोरचा म्हणेल, थोडं कापायला बघेल, पण केलेलं काम पडद्यावर वापरलंय ना, मग त्याचे द्यायला नको?

आधी वकिलाची नोटीस पाठवा, रिलीजच्या आधी, आणि त्यात नामावलीत नाव टाका हेही मागा. जोडीला कोल्हापूरला चित्रपट महामंडळाकडं तक्रार द्या, तिथं बऱ्याचदा समजुतीनं मिटतं. कोर्टात जायची वेळ आलीच तर कोर्टाकडून मिळणारा वारस दाखला (सक्सेशन सर्टिफिकेट) लागेल कारण त्याशिवाय मयताच्या येण्याचा हुकूमनामा मिळत नाही. फीची काळजी करू नका, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, सांगलीला जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस आहे. जाताना करार, चेक, मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधार कार्डं घ्या. आणि ते पंचवीस हजारांचं पाकीट अजून घरात असेल तर परत करा, दोन साक्षीदारांसमोर, परत केल्याची सही घेऊनच.