बाबांच्या कॅन्सरमध्ये जुना व्हायरस जागा झालाय का?

प्रश्न: डॉक्टर, बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, रिपोर्टवर अ‍ॅडेनोकार्सिनोमा लिहिलंय. इम्युनोथेरपीचे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) तीन डोस झालेत. फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की डीएनएत लपलेले जुने व्हायरस कॅन्सरमध्ये जागे होतात. काकू म्हणते नातवंडांना जवळ नेऊ नका. खरंय का हे? टेस्ट करायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नातवंडांना खुशाल आजोबांच्या मांडीवर बसू दे. त्यांना सर्दी-ताप असेल तर मात्र लांब ठेवा, तेही बाबांना लागू नये म्हणून.

फॉरवर्ड अर्धा खरा आहे. लाखो वर्षांपूर्वी काही व्हायरस आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत (शुक्राणू, स्त्रीबीज) घुसले आणि तिथेच अडकले, तेव्हापासून ते वारशाने येतात, तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, काकूंमध्येही आहेत. आपल्या डीएनएचा साधारण ८ टक्के भाग त्यांचा, आणि प्रोटीन बनवणारा आपला स्वतःचा भाग जेमतेम दीड-दोन टक्के, म्हणजे मालकापेक्षा भाडेकरूच जास्त! बहुतेक मोडके आहेत, कोणाला लागण होत नाही. (एकाचं जीन तर प्लॅसेंटा म्हणजे वार तयार व्हायला कामी येतं, त्यामुळे सगळेच काही वाईट नाहीत.)

एरवी पेशी त्यांना कुलूप लावून ठेवते. कॅन्सरच्या पेशीत ते कुलूप सैल होतं, मग व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचं प्रोटीन पेशीवर दिसायला लागतं आणि शरीराला वाटतं, अरे हा तर परका! २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या टीमने नेमक्या बाबांच्याच प्रकारच्या कॅन्सरमध्ये हे दाखवलं. ट्यूमरच्या आसपास बी पेशींचे, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, पुंजके जमलेले, अगदी छोट्या लिम्फ नोडसारखे (मानेत-काखेत असतात त्या प्रतिकारशक्तीच्या गाठी), आणि तिथून या जुन्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी बनत होत्या. उंदरांना तशा अँटीबॉडी दिल्या तर ते जास्त जगले, आणि इम्युनोथेरपीने हा प्रतिसाद आणखी वाढला. म्हणजे काकूंना ज्याची भीती वाटतेय तेच कदाचित बाबांच्या बाजूने लढतंय.

टेस्टचं म्हणाल तर रोजच्या उपचारात अशी टेस्ट वापरत नाहीत, कोणी पॅकेज विकायला आलं तर पैसे घालवू नका. त्यापेक्षा नव्याने दम लागणं, खोकला वाढणं, सारखे जुलाब यावर लक्ष ठेवा, इम्युनोथेरपीत शरीर कधीकधी स्वतःच्याच फुप्फुसावर किंवा आतड्यावर उलटतं. असं काही वाटलं तर अंगावर काढू नका, पुढच्या डोसची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टला फोन लावा.