ऑटोकॅड उघडायच्या आधी

प्रश्न : ताई, मी वाशीला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. दिवसभर ऑटोकॅडवर, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, जुने ब्लॉक (दार-खिडकीसारखे तयार तुकडे) कॉपी-पेस्ट, हाताने काही काढलंच जात नाही, नवीन सुचेनासं झालंय. काय करू?

उत्तर : अगं, ऑटोकॅडला दोष देऊ नकोस, मंजुरीच्या सबमिशनला आणि बांधकामाच्या वर्किंग ड्रॉइंगला ते लागणारच. घोळ होतो तो सुरुवातीला, कारण स्क्रीनवर पहिलीच रेघ इतकी नीटनेटकी येते की कच्चा विचारही पक्का वाटायला लागतो आणि मग तो मोडवत नाही, त्यात झूम करत बसलं की खोली नक्की केवढी हेच कळेनासं होतं. म्हणून प्लॅनची १:१०० ला (कागदावर १ सेंटीमीटर म्हणजे खरं १ मीटर) प्रिंट काढ, वर खालचं दिसेल असा पातळ बटर पेपर टाक, जाड पेन्सिलीने चार-पाच वेगवेगळे पर्याय काढ, मगच माउसला हात लाव.

आणि रविवारी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला जाच! आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात केलेली वसाहत ती, सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती. आता बरीच घरं बदललीत, तरी अंगण पावलांनी मोज, तिथेच बसून स्केच कर. ऑफिसात डेडलाइन असतेच, पण सरांकडे रोज अर्धा तास स्केचिंगला माग, हक्काने माग.