झाडं नंतर, आधी पाण्याची वाट

तुमची मुलगी बारावीत आहे, जीवशास्त्रात आणि चित्रकलेत सारखीच रमते आणि आता लँडस्केप आर्किटेक्चरच, म्हणजे बागा, नदीकाठ, मैदानं अशा मोकळ्या जागांची आखणी, करायचं म्हणते. ‘एवढं शिकून शेवटी बागाच लावायच्या का?’ असं तुम्ही विचारलं आहे.

झाडांची निवड या कामात बरीच उशिरा येते. आधी पाहायचा तो जमिनीचा उतार, माती, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे जातं, आणि त्या जागेवर आज कोणाचा वावर आहे. सिंगापूरच्या बिशान पार्कलगत कालांग नदी सिमेंटच्या सरळ कालव्यात कोंडलेली होती. 2012 पर्यंत 2.7 किलोमीटरच्या त्या कालव्याची सुमारे 3.2 किलोमीटरची वळणदार नदी झाली. काठ धरून ठेवायला दगड आणि झाडांची मुळं वापरली. मोठा पाऊस आला की पार्कचा सखल भाग पाणी सामावून घेतो, एरवी तिथेच लोक फिरतात, मुलं खेळतात. अशा कामाला जीवशास्त्र, पाण्याची गणितं आणि रेखाटनाचा हात, तिन्ही लागतात. म्हणून तिच्या दोन आवडी मला दोन दिशांच्या वाटतच नाहीत.

दुसरी बाजूही तिला आत्ताच कळू द्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं कौतुक या क्षेत्रात सगळेच करतात, पण त्याच्या जागेसाठी 1857 पर्यंत सेनेका व्हिलेज ही वस्ती उठवली गेली. तिथल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन स्वतःच्या मालकीची होती. इतकी देखणी जागा, आणि तिच्याखाली कुणाची तरी घरं! मला हे विद्यार्थ्यांना सांगावंच लागतं.

त्यामुळे कॉलेज पाहताना इमारत पाहू नका. परिसंस्थाशास्त्र (सजीव आणि त्यांचा परिसर यांचं नातं) किती शिकवतात, साइटवर किती नेतात, रहिवाशांशी बोलून केलेले प्रकल्प आहेत का, ते विचारा. काही देशांत थेट पदवी मिळते, काही ठिकाणी आधी आर्किटेक्चर करावं लागतं. व्यवसायासाठी नोंदणी लागते का, तेही तपासा. सुरुवातीची वर्षं बहुधा दुसऱ्याच्या ऑफिसात ड्रॉइंग करण्यात जातील, त्याची तयारी असू द्या.

पोर्टफोलिओसाठी, म्हणजे स्वतःचं काम दाखवायच्या संचासाठी, सॉफ्टवेअरचा क्लास तूर्त नको. घराजवळची एकच जागा तिला दहा दिवस पाहू द्या. पाणी कुठे साचतं, कुठे मुरतं, दुपारी सावलीत कोण बसतं, संध्याकाळी कोण येतं, कोण यायचं टाळतं. सगळं हाताने काढायचं, शेजारी टिपणं लिहायची. ती वही घेऊन दोघंही या.