दृष्टी अधू झाली म्हणून नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. १४ वर्षांच्या सेवेनंतर दृष्टिपटलाच्या विकारामुळे मला टिपणीवरचे अक्षर दिसेनासे झाले आहे. वरिष्ठ स्वेच्छानिवृत्ती सुचवतात. काय करावे?

उत्तर : कृपया घाईने कोणत्याही अर्जावर सही करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनतीही करता येत नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद रिक्त नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा पदावर ठेवावे लागते.

मात्र दुसरे पद मागण्याआधी याच कामाचा विचार जरूर करा. ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून दाखवते. अडचण येते ती जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची, कारण त्यातली ‘आदेश’सारखे साधे शब्दही निरर्थक ऐकू येतात, म्हणून मजकूर युनिकोड या संगणकावरच्या प्रमाण अक्षरपद्धतीतच मिळावा, अशी लेखी मागणी करा व पोच घ्या. दाद न मिळाल्यास कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जा. तुमचा १४ वर्षांचा अनुभव कार्यालयाला आजही हवा आहे.