आधी हात, मग रुग्ण

बेटा,

भरलेल्या वॉर्डात प्रत्येक कॉटला हात स्वच्छ करतेस म्हणून सीनियर हसतात, असं लिहिलंस. हसू दे. त्यांच्याकडे जरा नीट बघ: जखमेला हात लागल्यावर तेही लगेच बेसिनकडे धावतात. नंतरचे हात सगळेच धुतात, ते स्वतःसाठी असतं. रुग्णासाठी असतात ते त्याला शिवण्याआधीचे हात, आणि तेच टाळले जातात. म्हणून आधी हात.

ग्लोव्हज घातले की झालं, हे डोक्यातून काढ. एकच जोडी घालून तीन कॉट फिरलीस तर ग्लोव्हज फक्त तुला वाचवतात. हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, तळवा भरून घे, 20 ते 30 सेकंद चोळ, आपोआप वाळू दे. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहतात. हात मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद. काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. आणि बाटली कॉटपाशी हवी, नर्सिंग स्टेशनवर शोभेला नको.

हायपोक्लोराइटचं, म्हणजे जंतुनाशक ब्लीचचं, सांगते. 5 टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी, म्हणजे 1 टक्का. रोज ताजं करायचं. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीत उन्हात ठेवलेल्या बाटलीत नुसता वास उरतो, दम नाही. सांडलेल्या रक्तावर आधी शोषणारा कपडा, त्यावर द्रावण, किमान 10 मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. अ‍ॅसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू देऊ नकोस, विषारी वायू होतो. मावशींना हे ओरडून नको, करून दाखव.

आता बोलण्याचं. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेल्या माणसाला 'ए, सरक' म्हटलं की त्याची बायको दिवसभर तोंड उघडत नाही. ड्रेसिंग ओलं झालेलं, सलाइनचा हात सुजलेला पहिल्यांदा तिला दिसतो, कारण ती तिथेच खाली बसलेली असते. लघवीची पिशवी जमिनीला टेकलीय, हेही तीच सांगू शकते. पण खेकसलेल्या सिस्टरला कोण सांगेल? पिशवी मूत्राशयाच्या खाली, जमिनीपासून वर हवी. रिकामी करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं, नळी भांड्याला न लावता. एकच भांडं सगळ्या कॉटवर फिरतं आणि मग आम्ही अँटिबायोटिक बदलत बसतो!

मला खडूस म्हणतात, ठाऊक आहे. गोड बोलून सोडून दिलं असतं तर माझंही बरं चाललं असतं. पण वॉर्डातल्या जंतूला तुझी सीनियॉरिटी कळत नाही. वेळ नाही, हे कारण मला पुन्हा लिहू नकोस. नाडी बघायला वेळ आहे ना? मग आधी हात.

आणि अंगठी. तिच्या खालची त्वचा ओलसर राहते, जंतू तिथे टिकतात. साखरपुड्याची असली तरी ड्युटीला घरी ठेवून ये. नखं वाढवली असशील तर तीही आजच काप.