बाणाच्या पिसांचा रंग निवडताना

परदेशातील धनुर्धारी शिकारी रंगांविषयी जे सांगतात, ते जसेच्या तसे स्वीकारू नका. बाण आरपार गेल्यावर रक्ताचा डाग स्पष्ट दिसावा म्हणून त्यांच्यापैकी अनेकजण पांढरी पिसे लावतात. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी असल्यामुळे, नागपुरातील मैदानावर रंगाचे काम एवढेच, की बाण उडताना दिसावा आणि चुकला तर गवतात सापडावा.

म्हणून आधी गवताचा विचार करा. पावसाळ्यात पोपटी पिसे हिरवळीत हरवतात, तर उन्हाळ्यात पिवळी पिसे वाळलेल्या गवतात मिसळतात आणि लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळातही दिसेनाशी होतात. झगझगीत गुलाबी रंग (कितीही भडक वाटला तरी) बाराही महिने उठून दिसतो.

नवोदितांकडून दोन चुका हमखास होतात:

- गडद लाल निवडणे. संध्याकाळी तो काळपट दिसतो.
- तिन्ही पिसे एकाच रंगाची घेणे. एक वेगळ्या रंगाचे असल्यास बाण दोरीवर दरवेळी योग्य बाजूने बसवणे सोपे जाते.

नॉकही (बाणाच्या मागच्या टोकावरील, दोरीत अडकणारा खाचेचा भाग) भडक रंगाचाच घ्या, कारण लक्ष्यात रुतलेल्या बाणाचे तेच टोक आपल्याकडे असते. पिसांची लांबी आणि वळण यांचा विचार सध्या नको; नेम स्थिरावल्यावर तो अवश्य करू.