वाचकांचे प्रश्न : करवंदांची जेली आणि लोणचं

प्रश्न : काळीभोर पिकलेली एक किलो करवंदं घेतली, रसाइतकीच साखर घातली, मंद आचेवर तासभर आटवली. तरी जेली पाकासारखी पातळच. काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी. एक म्हणजे फळ. जेली धरते ती पेक्टिनमुळे, आणि फळ जसं पिकत जातं तसं ते कमी होतं. खायला गोड लागणारं करवंद जेलीला कुचकामी! तीन वाटे लालसर, आंबट करवंदं आणि रंगासाठी एक वाटा काळी, असं घ्या. दुसरी चूक मंद आच. आंबट रस फार वेळ शिजत राहिला की उरलंसुरलं पेक्टिनही मोडतं.

देठ काढून करवंदं मिठाच्या पाण्यात धुवा, म्हणजे वरचा चीक निघतो. स्टीलच्या पातेल्यात जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून वीसेक मिनिटं शिजवा, डावाने ठेचा आणि पातळ फडक्यात रात्रभर टांगून ठेवा. फडकं पिळायचा मोह आवरा. पिळलंत तर जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर. एका वेळी तीन-चार वाट्याच रस, पसरट भांडं, मोठी आच. गार बशीत थेंब टाकून बोटाने ढकला. सुरकुती पडली की लगेच उतरवा.

बिघडलेली जेली फेकू नका. लाल करवंदांचा असाच रस काढून तिच्यात निम्म्याने मिसळा आणि भरभर उकळा. एवढ्यानेही नाही धरली, तर सरबत करा.

प्रश्न : कच्च्या करवंदांच्या लोणच्याला दरवर्षी वर पांढरी बुरशी येते.

उत्तर : ओल राहते किंवा तेल कमी पडतं. धुतलेली करवंदं कापडावर पूर्ण कोरडी करा. हाताला, सुरीला तेल लावून दोन भाग करा, बिया काढा. चीक चिकटलाच तर तो पाण्याने नाही, तेलाने सुटतो. अर्ध्या किलोला 100 ग्रॅम मीठ लावून तीन दिवस ठेवा, रोज हलवा. मग मसाला कालवा आणि तापवून पूर्ण गार केलेलं तेल फोडींच्या वर बोटभर येईल इतकं ओता.

प्रश्न : करवंदांच्या जाळीशेजारी घाणेरीचीही काळी फळं असतात. ती चालतील?

उत्तर : नको. तिची हिरवी फळं विषारी असतात आणि एकाच घोसात हिरवी-काळी मिसळलेली असतात. शिवाय ‘चीक आहे म्हणजे करवंदच’ असंही समजू नका. विषारी कण्हेर करवंदाच्याच कुळातली, चीक तिलाही असतो. करवंदाची खूण म्हणजे जोडीने येणारे टणक, सरळ काटे आणि समोरासमोर जाड, चकचकीत पानं.